अपेंडिक्सची सूज सूक्ष्मदर्शकाखाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, ज्यांच्या घरात नुकतंच कुणाचं तरी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आहे आणि हातात हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा, रिपोर्ट आहे. दुसरे, अपेंडिक्सची पहिलीवहिली स्लाइड बघून भांबावलेले विद्यार्थी. दोघांसाठी वेगवेगळी उत्तरं लिहावीत असं आधी वाटलं होतं, पण दोघांचा मुद्दा एकच निघतो: सूज आहे, हे तुम्ही ठरवलंत कशावरून? म्हणून उत्तरंही एकत्रच.

अपेंडिक्स काढलं, दुखणं थांबलं. मग ते तपासायला कशाला पाठवायचं?

पोटात उजवीकडे खाली दुखायला लावणारे आजार पुष्कळ आहेत. बीजांडकोशातली गाठ, बीजनलिकेची सूज, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह, मूत्रनलिकेत अडकलेला खडा, मुलांमध्ये पोटातल्या लसिकाग्रंथींची सूज, हे सगळे अपेंडिक्सचं सोंग घेऊ शकतात. रक्ततपासणी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांनी अंदाज पक्का होत जातो. शेवटचा शब्द मात्र ऊतीचा.

दुसरं कारण लोकांना कमी माहीत असतं. सुजलेल्या अपेंडिक्सच्या आत कधीकधी भलतंच काही लपलेलं असतं: छोटा ट्यूमर, क्षयाच्या गाठी, जंत. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून काढलेलं प्रत्येक अपेंडिक्स तपासलं जावं, असं माझं ठाम मत आहे. दिसायला ते कितीही साधंसुधं असलं तरी.

ऑपरेशन थिएटरपासून स्लाइडपर्यंत त्याचं होतं काय?

ते लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. प्रयोगशाळेतलं १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे प्रत्यक्षात साधारण ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. द्रव नमुन्याच्या निदान दहापट हवा. बाटली छोटी आणि फॉर्मॅलिन तळाला चिकटण्यापुरतं असेल, तर ऊती आतून सडायला लागतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायला उरतं ते धूसर. रिपोर्टला दोन-चार दिवस का लागतात, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. ऊती 'पक्की' व्हायला वेळ द्यावाच लागतो.

त्यानंतर ग्रॉसिंग. पॅथॉलॉजिस्ट उघड्या डोळ्यांनी बघून लांबी-जाडी मोजतो. वरचं आवरण चकचकीत आहे की निस्तेज, त्यावर पिवळट पापुद्रा आहे का, कुठे काळं पडलंय का, भोक आहे का, हे टिपून ठेवतो. मग काप घेतो. टोक उभं चिरतात, मधल्या भागाच्या आडव्या चकत्या घेतात आणि सर्जनने जिथे कापलं ती बुडाची कड वेगळी ठेवतात. हे तुकडे अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलं पॅराफिन मेण यांतून जातात. त्यांचे मेणाचे ब्लॉक बनतात आणि मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे पापुद्रे निघतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

शेवटी रंग. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं सगळं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मूळचं एका मध्य अमेरिकी झाडाच्या लाकडातून काढलेलं. इतकं जुनं रंजक अजून रोज वापरात आहे, कारण अपेंडिक्सच्या निदानाला बहुतेक वेळा याहून जास्त काही लागतच नाही.

निरोगी अपेंडिक्स कसं दिसतं?

आडव्या चकतीत एकात एक कडी. मध्ये पोकळी, तिच्याभोवती म्युकोसा म्हणजे आतलं अस्तर, त्याच्याखाली सबम्युकोसा, मग स्नायूचा जाड थर आणि सगळ्यांत बाहेर सिरोसा नावाचं पातळ आवरण. स्नायूचेही दोन पदर: आतला गोलाकार, बाहेरचा लांबीच्या दिशेने. हे चार थर आधी पाठ करा. पुढची सगळी उत्तरं त्यांच्यावर उभी आहेत.

म्युकोसा मोठ्या आतड्यासारखाच, श्लेष्मा बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींनी भरलेल्या नळीसारख्या ग्रंथींचा. फक्त या ग्रंथी इथे मोठ्या आतड्यासारख्या शिस्तीत उभ्या नसतात. कुठे दाट, कुठे विरळ. त्यांच्या खाली लिम्फॉइड फॉलिकल म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे गोल पुंजके असतात, मध्यभागी फिकट, कडेला गडद. मुलांत आणि पौगंडावस्थेत ते भरगच्च असतात, वयाबरोबर ओसरत जातात. विद्यार्थी पहिल्यांदा हे निळे पुंजके बघतात आणि 'केवढी सूज!' म्हणतात. ती सूज नव्हे. ते अपेंडिक्सचं रोजचं रूप आहे.

न्यूट्रोफिल ओळखायचा कसा?

न्यूट्रोफिल हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, इओसिनोफिल हा दुसरा. ओळखायचं केंद्रकावरून. एकाच पेशीत केंद्रकाचे दोन ते पाच गडद तुकडे, बारीक धाग्यांनी जोडलेले. भोवतालचा भाग अगदी फिका. लिम्फोसाइटचं केंद्रक एकच, गोल आणि काळसर. इओसिनोफिलचं केंद्रक बहुधा दोन पाळ्यांचं आणि पेशी भडक केशरी-लाल दाण्यांनी भरलेली. कमी वर्धनावर न्यूट्रोफिल म्हणजे कुणीतरी शाईचे बारीक शिंतोडे उडवल्यासारखे दिसतात. नजर बसली की ४० च्या लेन्सची गरजही क्वचित लागते.

हे रक्तातले पहिल्या फळीचे शिपाई. जंतूंचा शिरकाव झाला की काही तासांत रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात. ते आणि त्यांनी मारलेले जंतू यांचा चिखल म्हणजे पू.

म्हणजे न्यूट्रोफिल दिसले की अपेंडिसायटिस?

नाही. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

न्यूट्रोफिल आहेत का, हा अर्धाच प्रश्न. ते कुठे आहेत, हा खरा प्रश्न. अक्यूट, म्हणजे अचानक उद्भवलेल्या, अपेंडिसायटिसचं पक्कं निदान करायचं तर ते स्नायूच्या थरात शिरलेले दिसायला हवेत. गुलाबी स्नायूतंतूंच्या मधून वाट काढत निघालेले न्यूट्रोफिल आणि त्यांनी एकमेकांपासून दूर सारलेले तंतू दिसले, की शंकेला जागा उरत नाही.

ते फक्त पोकळीत, श्लेष्मात तरंगत असतील तर? त्याला फारसा अर्थ नाही. फक्त म्युकोसात असतील, एखाद्या ग्रंथीत घुसले असतील, तर मामला थोडा नाजूक होतो. ही खऱ्या सुजेची सुरुवात असू शकते. आतड्याला जंतुसंसर्ग झाला असेल, समजा कॅम्पिलोबॅक्टरचा, तर तोही अपेंडिक्सच्या म्युकोसापर्यंत असाच पसरतो, आणि अशा रुग्णाच्या पोटदुखीचं मूळ अपेंडिक्समध्ये नसतंच. अशा वेळी मी आधी उरलेलं सगळं अपेंडिक्स ब्लॉकमध्ये घालून घेतो, असलेल्या ब्लॉकमधून आणखी खोल काप मागवतो. पुढच्या चकतीत स्नायूत घुसलेली सूज सापडल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. नाहीच सापडली, तर रिपोर्टमध्ये 'सूज म्युकोसापुरती मर्यादित' असं स्पष्ट लिहितो आणि रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघायला सांगतो.

आणखी एक सापळा. ऑपरेशन करताना आतडं हाताळलं जातं, ताणलं जातं. तेवढ्यानेही न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या कडेला गोळा होतात, सिरोसाखाली थोडे बाहेरही पडतात. दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडलं आणि जाता जाता अपेंडिक्सही काढलं, तर त्याच्या स्लाइडवर असे न्यूट्रोफिल दिसतात. ते वाहिन्यांच्या आत किंवा अगदी लगत असतात आणि स्नायू शांत असतो. त्यांना सूज म्हणायचं नाही.

सूज सुरू कुठून होते?

पाठ्यपुस्तकात बाण काढून दाखवतात: पोकळी तुंबली, आत दाब वाढला, शिरा दबल्या, म्युकोसाला रक्त कमी पडलं, जंतू आत शिरले. तुंबायचं कारण म्हणजे विष्ठेचा खडा, म्हणजे फिकोलिथ. किंवा फुगलेलं लिम्फॉइड ऊतक, क्वचित जंत किंवा ट्यूमर. हे चित्र काही रुग्णांत तंतोतंत जुळतं. पण सुजलेल्या अपेंडिक्सच्या चकत्या रोज बघणाऱ्याला हेही ठाऊक असतं की पुष्कळांमध्ये अडथळा कुठे सापडतच नाही, आणि फिकोलिथ असलेली निरोगी अपेंडिक्सही येत राहतात. त्यामुळे खडा दिसला म्हणजे कारण सापडलं, असं मी लिहीत नाही.

स्लाइडवर सुरुवात कशी दिसते, ते सांगता येतं. जर्मन पॅथॉलॉजिस्ट लुडविग आशॉफ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं होतं. एखाद्या ग्रंथीच्या घडीत म्युकोसाचा छोटासा भाग तुटतो, त्या खाचेत न्यूट्रोफिल आणि फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं धाग्यांसारखं प्रथिन) साठतं आणि तिथून सूज पाचरीच्या आकारात बाहेर पसरते. पाचरीचं टोक आत, रुंद बाजू सिरोसाकडे. सूज इतकी नेमक्या एका जागी असू शकते, म्हणूनच एकाच चकतीवर भरवसा ठेवता येत नाही.

रिपोर्टमध्ये 'सप्युरेटिव्ह', 'फ्लेगमोनस', 'गँग्रिनस' असं काहीतरी आहे. यांत वाईट कोणतं?

हे एकाच आजाराचे टप्पे आहेत असं ढोबळमानाने समजा.

सप्युरेटिव्ह म्हणजे पू धरलेलं. फ्लेगमोनस म्हणजे सूज सगळ्या थरांत सैरावैरा पसरलेली. व्यवहारात बरेच पॅथॉलॉजिस्ट हे दोन्ही शब्द आलटून पालटून वापरतात, त्यामुळे त्यांतल्या फरकावरून झोप उडवून घेऊ नका. स्लाइडवर म्युकोसा जागोजागी सोललेला असतो, पोकळीत पू असतो. सबम्युकोसा पाण्याने फुगून फिकट झालेला, रक्तवाहिन्या तट्ट भरलेल्या. स्नायूत न्यूट्रोफिलांची गर्दी, काही ठिकाणी बारीक गळवं. सिरोसावर गुलाबी फायब्रिनचा थर आणि त्यात अडकलेल्या पेशी. ऑपरेशनच्या वेळी सर्जनला जो पिवळट पापुद्रा दिसतो, तो हाच.

गँग्रिनस हा शब्द मात्र गंभीरपणे घ्यायचा. इथे भिंत मेलेली असते. स्नायूच्या पेशींची बाह्यरेषा उरते, केंद्रकं पुसली जातात. नाव खोडलेल्या पाटीसारखा गुलाबी, निर्जीव पट्टा. रक्तवाहिन्यांत गुठळ्या, भिंतीत रक्तस्राव. मेलेली भिंत फुटायला वेळ लागत नाही.

जुन्या रिपोर्टांत 'कॅटाऱ्हल' असाही शब्द सापडतो. फक्त म्युकोसातल्या सौम्य सुजेला तो लावत. आता तो फारसा कुणी वापरत नाही, आणि ते बरंच झालं.

दुखणं आधी बेंबीभोवती होतं, मग उजवीकडे सरकलं. हे स्लाइडवर दिसतं का?

दुखणं अर्थात दिसत नाही. पण ते का सरकलं, ते दिसतं. सूज पोकळीपुरती आणि आतल्या थरांपुरती असते तेव्हा अपेंडिक्सच्या स्वतःच्या चेतातंतूंना फक्त ताण जाणवतो. ते तंतू मज्जारज्जूत ज्या पातळीला पोचतात, तिथेच बेंबीभोवतालच्या त्वचेचीही संवेदना येते. मेंदूला नेमकी जागा कळत नाही. तो बेंबीकडे बोट दाखवतो. सूज सिरोसापर्यंत पोचून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली, की दुखणं नेमकं उजवीकडे खाली येतं, कारण त्या अस्तराच्या नसा जागा अचूक सांगतात. थोडक्यात, रुग्णाने बोट ठेवण्याची जागा बदलली तेव्हा आत न्यूट्रोफिलांनी शेवटचा थर गाठलेला होता. मला या विषयातली ही सगळ्यांत देखणी जुळणी वाटते.

किती तास झाले, हे मात्र स्लाइडवरून घड्याळ लावल्यासारखं सांगता येत नाही. फक्त न्यूट्रोफिल असतील तर सूज ताजी. एक-दोन दिवसांनंतर मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी, वाढायला लागतात. नव्या केशवाहिन्या आणि कोवळी तंतुमय ऊती दिसली, तर प्रकरण काही दिवसांचं आहे.

अपेंडिक्स पोटात फुटलं होतं की काढताना फाटलं, हे कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. पोटात फुटलं असेल तर भोकाच्या कडा मेलेल्या असतात, त्यांवर न्यूट्रोफिल आणि फायब्रिन असतं आणि आसपासच्या सिरोसावरही प्रतिक्रिया असते. हाताळताना फाटलं असेल तर कडा स्वच्छ, जिवंत. शरीराला प्रतिसाद द्यायला वेळच मिळालेला नसतो. फाटकी जागा नेमकी काळ्या पडलेल्या भिंतीतच असेल, तर मी सर्जनला फोन करतो. पोट उघडलं तेव्हा पू बाहेर होता का, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

'पेरिअपेंडिसायटिस' म्हणजे अपेंडिसायटिसच ना?

हा शब्द एकटाच आला असेल, तर नाही. सूज बाहेरच्या आवरणावर आहे आणि आतला म्युकोसा शांत आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे आग शेजारच्या घरात लागली आहे आणि धूर इथे आलाय. शेजार कुठला? बीजनलिका, मोठ्या आतड्यातला सुजलेला फुगवटा, फुटलेला अल्सर, क्रोन्स आजार (आतड्याचा एक जुनाट दाह). असं लिहिण्याआधी अपेंडिक्स पूर्ण तपासलेलं हवं, नाहीतर आतली एखादी छोटी जखम निसटलेली असते. आणि पूर्ण तपासूनही हेच निघालं, तर रिपोर्ट फाइलमध्ये लावून चालत नाही. सर्जनला दुसरीकडे शोध घ्यावा लागतो.

न्यूट्रोफिल नाहीत, पण स्नायूत इओसिनोफिल भरपूर आहेत असं लिहिलंय.

म्युकोसात थोडे इओसिनोफिल असणं स्वाभाविक. स्नायूत ते बरेच असतील आणि तिथे पाणी साठून तंतू सैल झाले असतील, तर काही जण त्याला अक्यूट इओसिनोफिलिक अपेंडिसायटिस म्हणतात. ही नेहमीच्या सुजेची पहिली पायरी असावी आणि मुळाशी ॲलर्जीसारखी प्रक्रिया असावी, असं मानणारे आहेत. सगळ्यांना ते पटलेलं नाही. असं चित्र दिसल्यावर मी आणखी काप घेतो आणि जंत शोधतो. त्यातून काही निघालं नाही तर जे दिसलं ते तसंच लिहितो.

'लिम्फॉइड हायपरप्लेसिया', 'फायब्रस ऑब्लिटरेशन', 'फिकोलिथ': घाबरायचं का?

नाही. पहिलं म्हणजे लिम्फोसाइटचे पुंजके वाढलेले, तरुण वयात नेहमीचं. दुसरं म्हणजे टोकाकडची पोकळी तंतू, चरबी आणि चेतातंतूंनी भरून गेलेली, वय वाढलेल्यांत नेहमीचं. तिसऱ्याबद्दल वर सांगितलंच.

रिपोर्टमध्ये जंत सापडला. त्यानेच सूज आली का?

अपेंडिक्समध्ये बहुधा सापडतो तो पिनवर्म, मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारा. त्याची चकती एकदा पाहिली की विसरत नाही: गोल शरीर आणि दोन बाजूंना दोन काटे. मादी असेल तर आत अंडी, एका बाजूने चपटी. गंमत म्हणजे तो सहसा पोकळीत निवांत असतो आणि आजूबाजूला न्यूट्रोफिलचा मागमूस नसतो. त्याच्यामुळे पोटात कळा येऊ शकतात, पण भिंत शांत असेल तर निदान 'पिनवर्म' एवढंच, अपेंडिसायटिस नव्हे. पुढचं काम जंताच्या औषधाचं, आणि तेही बहुधा घरातल्या सगळ्यांना.

अमीबा ही वेगळी गोष्ट. तो भिंत खरोखर पोखरतो. त्याच्या फेसाळ पेशीत गिळलेल्या लाल रक्तपेशी दिसल्या तर शंका राहत नाही, आणि औषध तातडीने सुरू करावं लागतं. मॅक्रोफेज समजून तो नजरेतून निसटू शकतो.

'ग्रॅन्युलोमा' आला आहे. म्हणजे क्षयच का?

क्षय हे एक कारण, एकमेव नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे मॅक्रोफेजनी एकत्र येऊन केलेली गाठ. मध्यभागी ऊती मरून दाणेदार गुलाबी चुरा झाला असेल तर क्षयाकडे बोट जातं, आणि झील-नील्सन रंगाने त्याचे लाल जंतू शोधले जातात. ते सापडले नाहीत म्हणून क्षय नाहीच असं होत नाही. क्रोन्स आजार, यर्सिनिया जंतू, सार्कॉइडोसिस (वेगवेगळ्या अवयवांत अशा गाठी करणारा आजार) यांतही ग्रॅन्युलोमा होतात. आणि एक कारण विसरलं जातं: आधी अँटिबायोटिक देऊन सूज शमवली आणि काही आठवड्यांनी अपेंडिक्स काढलं, तरीही ग्रॅन्युलोमा दिसू शकतात. स्लाइडसोबत आलेल्या फॉर्मवर हा इतिहास लिहिलेला नसेल, तर रुग्णामागे विनाकारण तपासण्यांचा ससेमिरा लागतो. फॉर्मवरची एक ओळ किती महाग पडू शकते, याचं हे नमुनेदार उदाहरण.

सुजेबरोबर ट्यूमर निघाला तर?

क्वचित निघतो. त्यांत नेहमीचा म्हणजे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींपासून झालेला. काढलेल्या शंभर अपेंडिक्समध्ये एकातही तो असेलच असं नाही. बहुधा टोकाशी, पिवळसर, १ सेंटिमीटरहून लहान. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या गोल पेशींचे पुंजके. इतका छोटा आणि पूर्ण निघालेला असेल तर अपेंडिक्स काढणं हाच बहुधा त्याचा इलाज ठरतो. २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर आणखी शस्त्रक्रियेचा विचार होतो. टोक उभं चिरून का बघतात, हे आता लक्षात येईल.

श्लेष्मा साठवणारे ट्यूमर वेगळ्या काळजीचे. त्यांत म्युकोसाच्या नेहमीच्या ग्रंथी जाऊन तिथे श्लेष्माने भरलेल्या पेशींची रांग येते, भिंतीत श्लेष्मा घुसतो. अशी नुसती शंका आली तरी अपेंडिक्सचा एकही तुकडा बाटलीत ठेवायचा नाही. बुडाच्या कडेवर काही आहे का आणि भिंतीबाहेर श्लेष्मा गेलाय का, या दोन गोष्टींवर पुढचे सगळे निर्णय असतात.

सर्जन म्हणाले सुजलेलं होतं, रिपोर्ट म्हणतो नॉर्मल. खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कुणीच नाही. लालसर दिसणाऱ्या अपेंडिक्समध्ये नुसत्या रक्तवाहिन्या भरलेल्या असू शकतात, आणि बाहेरून साध्या दिसणाऱ्यात आत सूज असू शकते. उघड्या डोळ्याची एक मर्यादा असते, सूक्ष्मदर्शकाचीही असते. सूक्ष्मदर्शकाला जे दिसतं ते त्या चकत्यांपुरतं. ८ सेंटिमीटरच्या अपेंडिक्समधून ४ मायक्रॉनचे तीन पापुद्रे बघून 'कुठेच काही नाही' म्हणणं धाडसाचं असतं.

शिकत असताना मी ते धाडस एकदा केलं होतं. तीन चकत्या, सगळ्या शांत. मी 'सूज नाही' लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी सही न करता विचारलं, बाटलीत काय शिल्लक आहे? शिल्लक होतं ते ब्लॉकमध्ये घातलं. पाचव्या चकतीत तांदळाएवढ्या भागात स्नायू न्यूट्रोफिलांनी गच्च भरला होता.

तरीही काही अपेंडिक्स खरोखरच नॉर्मल निघतात. वाट बघत बसून ते फुटू देण्यापेक्षा काही वेळा निरोगी काढलं जाणं, ही सर्जनने समजून उमजून पत्करलेली जोखीम असते.

'क्रॉनिक अपेंडिसायटिस' असा काही आजार आहे का?

सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यातला हा जुना वाद आहे. अपेंडिक्समध्ये लिम्फोसाइट मुळातच भरपूर. त्यामुळे इतर अवयवांत ज्या खुणांवरून जुनाट सूज ओळखतो, त्या इथे कामाच्या नाहीत. पुन्हापुन्हा येऊन शमणाऱ्या सुजेचे व्रण, चिकटलेली आवरणं, स्नायूत तंतू आणि लिम्फोसाइट हे दिसू शकतं, आणि तेव्हा तसं लिहिता येतं. नुसते लिम्फोसाइट बघून हा शिक्का मारणं मला पटत नाही. पोटदुखीचं कारण सापडलं, असं खोटं समाधान त्यातून मिळतं.

आधी अँटिबायोटिक दिली, नंतर काढलं. मग स्लाइडवर काय उरतं?

न्यूट्रोफिल ओसरतात. त्यांच्या जागी लिम्फोसाइट, इओसिनोफिल, चरबी गिळून फेसाळलेले मॅक्रोफेज, नव्या केशवाहिन्या आणि तंतू. कधी हे फेसाळ मॅक्रोफेज इतके साठतात की पिवळी गाठ तयार होते आणि उघड्या डोळ्यांना ट्यूमरच वाटतो. औषधानेच बरं झालं आणि ऑपरेशन झालंच नाही, तर ऊती हाती येत नाही. तिथे निदान स्कॅनवरचंच राहतं.

परीक्षेत स्लाइड आली तर कुठून सुरुवात करू?

बाहेरून. सगळ्यात कमी वर्धनावर आधी सिरोसा बघा, मग स्नायू, मग आत या. बहुतेक मुलं थेट पोकळीत उडी मारतात आणि पुवात हरवतात. स्नायूत न्यूट्रोफिल दाखवता आले की निदान झालं. उरलेला वेळ म्युकोसाची जखम, रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या आणि लपलेल्या गोष्टी शोधण्यात घालवा. तोंडी परीक्षेत इतिहास विचारलाच तर एवढं लक्षात ठेवा: या आजाराला 'अपेंडिसायटिस' हे नाव १८८६ मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी दिलं. तोवर दोष सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला दिला जायचा. फिट्झ सर्जन नव्हते. ते पॅथॉलॉजिस्ट होते.

रिपोर्टबद्दल शंका असेल तर पुन्हा तपासता येतं का?

येतं. मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून नवे काप निघतात. दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. सोबत सर्जनची ऑपरेशन नोंद आणि आधी कोणती औषधं दिली होती ती यादी. आणि ग्रॉसिंगनंतर बाटलीत काही उरलं आहे का, तेही विचारा. ते लवकर विचारलेलं बरं, कारण ब्लॉक जपून ठेवतात, बाटली फार काळ ठेवत नाहीत.